बुऱ्हाणपूरचा मद्यबंदोबस्त : शाही पहाऱ्यापासून अहात्यापर्यंत

तापीकाठचे बुऱ्हाणपूर फारुकी राजांनी वसवले आणि 1601 मध्ये असीरगड पडल्यावर ते मुघलांच्या खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे झाले. मद्यावर सरकारी पहारा बसवण्याचे येथील प्रयत्नही जवळजवळ तितकेच जुने आहेत. अकबराचा मुलगा दानियाल येथे मुक्कामाला असताना त्याचे व्यसन हाताबाहेर गेले, तेव्हा बादशहाच्या फर्मानावरून त्याचा सासरा अब्दुर्रहीम खानखानान याने त्याच्याभोवती पहारेकरी नेमले. जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात नोंदवल्याप्रमाणे, एका विश्वासू बंदूकवाल्याने शिकारीच्या बंदुकीच्या नळीत भरून दारू आत नेली, नळीतील गंज आणि बारुदाचा अंश तीत मिसळला आणि 1605 मध्ये दानियालचा अंत झाला. त्याच वर्षी तख्तावर आलेल्या जहांगीराने मद्य गाळण्यास व विकण्यास मनाई केली, मात्र स्वतःचा पेला खाली ठेवला नाही. मनाईचा धाक सुभेदारांनाही फारसा नव्हता, कारण 1615 मध्ये इंग्रज वकील टॉमस रो याने बुऱ्हाणपुरात जहांगीराचा मुलगा व येथील सुभेदार शहजादा परवेझ याला मद्याच्या बाटल्या नजर केल्या आणि त्या पिऊन शहजादा इतका झिंगला की ठरलेली खासगी भेट होऊ शकली नाही. 1626 मध्ये परवेझही याच शहरात मद्यापायी गेला, असे बहुतेक इतिहासकार मानतात.

पुढे हे शहर निजाम, पेशवे आणि शिंदे यांच्या हातून 1860 च्या तहाने इंग्रजांकडे आले आणि मद्याच्या बंदोबस्ताला महसुलाचे रूप मिळाले. आबकारी, म्हणजे मादक पदार्थांवरील कर व नियंत्रण, ही प्रांतिक सरकारची बाब ठरली. भट्टीचा ठेका घेणाऱ्याला ठराविक रकमेच्या बदल्यात विशिष्ट भागात दारू गाळून विकण्याचा हक्क मिळे, तर नगरपालिकेकडे सफाई आणि दिवाबत्ती यांसारखी कामे राहिली. 1938 मध्ये, बुऱ्हाणपूर ज्यात मोडे त्या मध्य प्रांत व वऱ्हाडाच्या सरकारने दारूबंदीचा कायदा केला खरा, परंतु दीर्घायुषी ठरला तो 1915 चा आबकारी कायदा, जो मध्य प्रदेशात आजही लागू आहे. गावाने भोगायचे आणि राजधानीने ठरवायचे, ही विभागणी त्यामुळे कायम राहिली.

उघड्यावरील मद्यपानाचा आजचा वाद याच विभागणीतून येतो. लग्नासारख्या प्रसंगी मद्य वाढायचे तर आबकारी खात्याचा प्रासंगिक परवाना लागतो, ध्वनिक्षेपकावर 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार सर्वसाधारणपणे रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत बंदी असते आणि दुसऱ्या दिवशीचा कचरा मात्र नगर निगमाच्या, म्हणजे महापालिकेच्या, वाट्याला येतो. माजी मुख्यमंत्री उमा भारती यांच्या दारूविरोधी आंदोलनानंतर राज्य सरकारने 1 एप्रिल 2023 पासून सर्व अहाते, म्हणजे दुकानाला लागून असलेली बसून पिण्याची आवारे, बंद केली आणि शाळा व देवस्थानांपासून दुकानाचे किमान अंतर 50 वरून 100 मीटर केले. दुकान चालू आणि बसण्याची जागा बंद, या व्यवस्थेत महसूल टिकतो, पण बाटली घेऊन निघालेल्या माणसाने जायचे कुठे हे धोरण सांगत नाही, आणि अहाता उठला म्हणून तो मुकाट्याने घरी जाईल हे गृहीतक दानियालच्या पहारेकऱ्यांच्या भरवशाइतकेच भोळे आहे. 1 एप्रिल 2025 पासून सरकारने यादीत घातलेल्या धार्मिक स्थळांच्या हद्दीत विक्रीच थांबवण्यात आली. त्या यादीत शेजारच्या खंडवा जिल्ह्यातील ओंकारेश्वर आहे, तापीचे उगमस्थान मुलताईही आहे, बुऱ्हाणपूर नाही.