‘वृद्धिवर्धक’ : कुक्कुटखाद्यातील एक संज्ञा

मांसासाठी पोसल्या जाणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात प्रतिजैविके शिरली ती औषध म्हणून नव्हे, हे ध्यानात घेतल्यावाचून पुढील इतिहासाचा उलगडा होत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत मासळीच्या कुटीऐवजी सोयाबीनवर पिल्ले वाढविण्याचे प्रयत्न चालू होते; परंतु निव्वळ वनस्पतिज खाद्यावर त्यांची वाढ खुंटे. ज्या अज्ञात द्रव्याची उणीव भासे, त्यास ‘प्राणिज प्रथिन घटक’ असे नाव पडले. १९४८ साली ब-१२ जीवनसत्त्व शुद्ध स्वरूपात हाती आले आणि तो घटक मुख्यतः हाच, असे दिसून आले. त्याच वर्षाच्या अखेरीस पर्ल रिव्हर येथील लेडर्ली प्रयोगशाळेत स्टोकस्टॅड व ज्यूक्स यांनी ऑरिओमायसिनच्या निर्मितीत उरलेला चोथा, ब-१२ चे स्वस्त साधन म्हणून, पिल्लांना चारला. पिल्ले अपेक्षेबाहेर वाढली. हे श्रेय चोथ्यातील प्रतिजैविकाचे, असे १९५० मध्ये जाहीर झाले.

शोध जीवनसत्त्वाचा, लाभ प्रतिजैविकाचा! तथापि ‘वृद्धिवर्धक’ हे नाव रूढ होताच रुग्णालयातील औषध खाद्याच्या पोत्यात निव्वळ पूरक द्रव्य ठरले. हे नामांतर निरुपद्रवी नव्हते; अल्प मात्रेत सतत दिलेल्या औषधाने प्रतिरोधक जीवाणूंचेच फावते. मानवी उपचारांतील प्रतिजैविके वृद्धीसाठी वापरू नयेत, अशी शिफारस ब्रिटनच्या स्वान समितीने १९६९ मध्ये केली. स्वीडनने १९८६ मध्ये प्रतिजैविक वृद्धिवर्धकांवर बंदी घातली; युरोपीय संघात उरलेली वृद्धिवर्धके २००६ च्या प्रारंभी बंद झाली. भारतात २०१९ साली पशुखाद्यातील कोलिस्टिनवर बंदी आली.