हिरवा भिंतकागद
* भिंतींना छापील कागद चिकटवण्याची हौस इंग्लंडात जुनी, पण परवडे ती श्रीमंतांना. १८३६ साली त्यावरचा कर उठला, यंत्रावर छपाई होऊ लागली आणि मध्यमवर्गाचे दिवाणखाने वेलबुट्टीने भरले. त्यातला लाडका हिरवा रंग तांबे आणि सोमल (आर्सेनिक) यांपासून बनत असे. त्याची भुकटी झडे. शिवाय ओल येऊन खळीवर बुरशी धरली की विषारी वायू सुटे, असे पुढे शास्त्रज्ञांनी दाखवले. या कथेतल्या नायिकेची डोकेदुखी लेखकाने मनाचा खेळ ठरवली आहे. प्रस्तुत संपादकाला संशय भिंतीचा येतो. वेलीफुलांच्या भिंतकागदांसाठी गाजलेले विल्यम मॉरिस तर सोमल काढणाऱ्या डेव्हनमधील खाणकंपनीचे काही काळ संचालकच होते, आणि भिंतकागदामुळे होणाऱ्या विषबाधेची ओरड त्यांना डॉक्टरांचे खूळ वाटे.