पद्मिनीचे दागिने

जुनी प्रीमियर पद्मिनी हौसेनं घेतलेल्या माणसाला इंजिन फारसं छळत नाही. 1089 सीसीचं ते साधं यंत्र गल्लीतला कुठलाही मुरलेला मेकॅनिक डोळे झाकून उघडतो. पिस्टन, क्लच प्लेट, कार्ब्युरेटरचं किट थोडी शोधाशोध केली की मिळून जातं. माणूस अडतो तो पुढच्या जाळीपाशी, बंपरच्या कोपऱ्यापाशी आणि डिकीवरच्या नावापाशी. क्रोमची चमक मिळत नाही.

असं का होतं, हे कळायला आधी कुर्ल्याला जायला हवं. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, प्लायमाउथ अशा अमेरिकी गाड्या जोडल्या गेल्या, मग 1950च्या दशकात इटलीच्या फियाटशी सोयरीक जमली. त्या काळातल्या गोल नाकाच्या 1100ला आपल्याकडे ‘डुक्कर फियाट’ म्हणतात. (हसू नका, मालक हे नाव अभिमानानं सांगतात.) 1964 साली आली 1100 डिलाइट. हे मॉडेल इटलीत 1966 साली बंदही झालं, कुर्ल्यात मात्र त्याचाच अवतार पुढे तीसेक वर्षं बनत राहिला. फियाटशी करार संपल्यावर गाडीचं नाव आधी ‘प्रेसिडेंट’ झालं आणि 1974 पासून, चितोडच्या राणीवरून, ‘पद्मिनी’.

म्हणजे यंत्र जवळपास तेच राहिलं, दागिने बदलत गेले. डिलाइटची नावपट्टी पद्मिनीला शोभत नाही. ‘प्रेसिडेंट’ हे नाव तर इतकं थोडा काळ टिकलं, की ती अक्षरं हाती लागली तर लोक गाडीआधी ती उचलतात.

दुसरं कारण टॅक्सी. काळ्या-पिवळ्या रंगात हजारो पद्मिनी मुंबईत रोज धावत होत्या, म्हणून त्यांचे चालते भाग बनवणारे छोटे कारखानेही जगले. पण टॅक्सीवाल्याला क्रोमशी काय देणंघेणं? बंपर गंजला की त्यावर चंदेरी रंगाचा हात मारायचा, पट्टी निखळली तर भोक बुजवायचं, आणि पुढचं भाडं घ्यायचं. ज्या गिऱ्हाइकानं पद्मिनीचं इंजिन जिवंत ठेवलं, त्याला चमक नको होती. बाजारानं त्याचंच ऐकलं.

मग उरतो एकच उपाय: जुनाच भाग पुन्हा चमकवायचा. इथे एक गैरसमज आधी दूर करू. क्रोमची चमक बरीचशी क्रोमची नसतेच. मोटारींना क्रोम लागलं ते 1920च्या दशकात. त्याआधी निकेलचा मुलामा असायचा, तो सुंदर दिसायचा पण पिवळट पडायचा आणि सारखा घासावा लागायचा. आजही खाली निकेलच असतं. वरचा क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, केसाच्या जाडीच्या शंभरावा हिस्सासुद्धा नाही. तो निकेलला निळसर झाक देतो आणि ओरखड्यांपासून जपतो. गंज रोखायचं काम खालच्या थरांचं.

म्हणून चांगल्या प्लेटिंगवाल्याचा बहुतेक वेळ क्रोममध्ये जातच नाही. आधी जुना मुलामा उतरवायचा, पोचे ठोकून पत्रा सरळ करायचा, बफिंग करायचं. मग तांबं, पुन्हा बफिंग, मग निकेल, आणि शेवटची काही मिनिटं क्रोमची. घाई करणारा तांबं गाळतो, निकेल हात राखून चढवतो. घरी आणलेला बंपर आरशासारखा दिसतो आणि दोन पावसाळ्यांत त्यावर तांबूस ठिपके उमटतात. मझॅकचे, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग तर आणखी नाजूक. त्यांना आतूनच खड्डे पडतात आणि मुलामा उतरवणारं ॲसिड धातूही खाऊन टाकतं. लोखंडी बंपरचा प्लेटिंगवाला मझॅकला हात लावायला नाही म्हणाला, तर त्याचे आभार माना. खिशात लोहचुंबक ठेवा: मझॅकला ते चिकटत नाही.

या चमकीची एक किंमत बिलावर लिहिलेली नसते. क्रोमचं पाणी क्रोमिक ॲसिडचं असतं. त्यातलं षट्संयुजी क्रोमियम कर्करोगाला कारण ठरतं, आणि हौदावरची वाफ वर्षानुवर्षं नाकात गेली तर नाकाच्या पडद्याला भोक पडतं. कॅलिफोर्नियानं 2023 साली शोभेच्या क्रोमसाठी ही पद्धत टप्प्याटप्प्यानं बंद करायचं ठरवलं. आपल्याकडे, अंधाऱ्या गाळ्यात हौदाशी उभ्या असलेल्या माणसाला निदान मास्क आणि धूर ओढणारा पंखा आहे का, एवढं पाहूनच काम द्यावं असं मला वाटतं. आणि नुसते वरवरचे डाग असतील तर प्लेटिंग करूच नये. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल पाण्यात बुडवून हलक्या हातानं घासा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असते, गंज निघतो, मुलामा राहतो.

जे चमकवण्यापलीकडे गेलंय ते शोधायला पुन्हा कुर्ला. सीएसटी रोडच्या कडेनं जुन्या गाड्यांच्या भागांचा मोठा बाजार आहे. जिथे या गाड्या जन्मल्या, त्याच उपनगरात त्या सुट्या होऊन विकल्या गेल्या. एक गाडी उभी करायला दुसरी मोडावी लागते, हे या छंदातलं उघड गुपित. मुंबईत टॅक्सीच्या वयाला आधी 25, नंतर 20 वर्षांची मर्यादा आली आणि मोडायला गाड्यांची रीघ लागली. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती. ऑक्टोबर 2023च्या अखेरीस तिची मुदत संपली. तो झराही आता आटला.

कायद्याच्या हिशेबात या गाड्या अधांतरीच आहेत. 2021च्या नियमानुसार विंटेज म्हणवून घ्यायला वाहनाला 50 वर्षं पूर्ण व्हावी लागतात. पद्मिनी हे नाव मिरवणाऱ्या पहिल्या गाड्या आत्ता कुठे त्या उंबरठ्यावर आल्यात. 1985 सालच्या पद्मिनीला 2035पर्यंत वाट पाहायची आहे. तोवर दर पाच वर्षांनी फिटनेसची तपासणी, फेरनोंदणीचं शुल्क (2022 साली ते 600 वरून 5000 रुपयांवर गेलं होतं), आणि डिकीवरच्या त्या चार अक्षरांचा शोध.