प्रेडनिसोलोन चाचणी (यकृतदाह)
लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातील यकृतविकार विभागाची नियंत्रित औषधचाचणी. शीला शेरलॉक (१९१८–२००१) व सहकाऱ्यांनी तिचे निष्कर्ष १९७१ मध्ये प्रसिद्ध केले. दीर्घकालीन सक्रिय यकृतदाहात अनेकदा शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतपेशी नष्ट करते. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड तो दाह शमवते. चाचणीतील ४९ रुग्णांपैकी २२ जणांना ते दिले गेले, २७ जणांना नाही. पहिल्या गटात ३, तर दुसऱ्यात १५ रुग्ण दगावले. गट लहान होते, तरी हा फरक निर्णायक ठरला. औषधाविना राहिलेल्या रुग्णांचे वैद्यकशास्त्रावर मोठे ऋण आहे. अशा आत्मप्रतिरक्षाजन्य यकृतदाहावर आजही स्टेरॉइड देतात, बहुधा अझाथायोप्रिनच्या जोडीने.