थकवा, रक्त आणि मन : गिरणगावातल्या एका शोधाची गोष्ट



तत्त्वज्ञानाच्या मास्तराला रक्ततपासणीतलं काय कळतं, असं आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल. रास्त शंका आहे. मी डॉक्टर आहे तो पीएच.डी.चा, नाडी बघणारा नव्हे. पण थकवा हा विषय माझ्याकडे पुस्तकातून आलेला नाही, तो घरात शिरून आला. ते शेवटी सांगेन. आधी इतिहास.

सततचा थकवा आणि मनाचा निरुत्साह यांना एकच नाव देण्याचा मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. १८६९ साली जॉर्ज बिअर्ड या डॉक्टरने ‘न्यूरास्थेनिया’ हा शब्द रूढ केला. शरीरात मज्जाशक्तीचा साठा असतो, आधुनिक जीवनाच्या धकाधकीत तो संपतो, अशी ती कल्पना. उपाय म्हणून विश्रांती, विजेचे हलके झटके आणि बाटलीबंद टॉनिकं. नाव मिळालं की माणसाला बरं वाटतं, पण नाव म्हणजे कारण नव्हे. बिअर्डच्या एका पोतडीत पन्नास वेगळे आजार भरलेले होते.

त्यातल्या एकाची गाठ हळूहळू सुटली. लंडनच्या थॉमस ॲडिसनने १८५५ साली एका पांडुरोगाचं वर्णन प्रसिद्ध केलं होतं. माणूस नकळत फिका पडतो, गळून जातो आणि शेवटी मरतो. पुढे सत्तर वर्षं त्यावर उपाय नव्हता. १९२६ मध्ये बोस्टनच्या मायनॉट आणि मर्फी यांनी रुग्णांना रोज भरपूर यकृत, म्हणजे आपण ज्याला कलेजी म्हणतो ते, खायला घातलं आणि मरणाच्या दारातली माणसं उठून बसली. व्हिपलच्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांनी त्यांना ही वाट दाखवली होती. तिघांना १९३४ चं नोबेल मिळालं. यकृतातला तो पदार्थ १९४८ साली वेगळा काढता आला. तोच बी-१२.

आता आपल्या मुंबईत या. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स नावाची चाळिशीची इंग्रज डॉक्टर इथे आली. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांमध्ये एक भयंकर रक्तक्षय दिसत होता, त्याचा शोध घ्यायला. तेव्हाचा नेहमीचा संशय जंतूंवर. विल्सबाईंनी तो तपासून पाहिला, पण धागा सापडेना. मग त्यांनी बायकांच्या ताटात पाहिलं. ज्यांच्या जेवणात भाजीपाला, फळं, दूध कमी, त्या जास्त आजारी. मग प्राण्यांना तसाच निकृष्ट आहार देऊन प्रयोग केले आणि उतारा सापडला तो मार्माइटमध्ये! यीस्टचा तो काळा, खारट, स्वस्त लगदा. इंग्रज लोक पावाला लावतात तो. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं.

पुढची गंमत बघा. बोस्टनचा आजार आणि मुंबईचा आजार सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सारखे दिसत. दोन्हीत रक्तपेशी फुगलेल्या. पण यकृताचा जो शुद्ध केलेला अर्क बोस्टनच्या रुग्णाला तारत होता, त्याने मुंबईच्या बायकांना गुण येईना. म्हणजे उणीव वेगळी होती. त्या दुसऱ्या पदार्थाला काही काळ ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. १९४१ मध्ये तो पालकातून वेगळा काढला आणि पानाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक ॲसिड हे नाव मिळालं. १९४५ मध्ये तो प्रयोगशाळेत बनवणाऱ्या चमूचे मार्गदर्शक होते आंध्रातून अमेरिकेत गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव.

झालं, गोळी स्वस्त झाली. डॉक्टरांनी ती बोस्टनवाल्या आजारालाही देऊन पाहिली. रक्त सुधारलं! सगळे खूश. पण काही महिन्यांत त्याच रुग्णांचे पाय बधिर होऊ लागले, चाल डळमळू लागली. फोलिक ॲसिडने रक्ताची दुरुस्ती केली होती, मज्जातंतूंची नाही. बी-१२ ची खरी उणीव आत तशीच पोखरत राहिली. अहवाल सुधारतोय आणि माणूस बिघडतोय. मला या सगळ्या इतिहासात हा प्रसंग सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

आता घरातलं. सात वर्षांपूर्वी आमची ही गेली. त्यानंतर मला जिना चढवेना, वाचन होईना, संध्याकाळ झाली की नको वाटे. मी निदान करून टाकलं, हे दुःख आहे. वर शहाणपणा म्हणून दुकानातून शक्तीच्या गोळ्या आणल्या. त्यात फोलिक ॲसिड होतं. आठ महिने घेतल्या. हिमोग्लोबिन उत्तम! तळपायाला मुंग्या येत होत्या, त्या मी वयाच्या खात्यावर टाकल्या. सूनबाईंनी हट्ट करून फॅमिली डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी अहवाल बाजूला ठेवून आधी मलाच विचारलं. काय खाता? शाकाहारी. मधुमेहाची कोणती गोळी? मेटफॉर्मिन, बरीच वर्षं. या दोन्हींनी बी-१२ कमी होऊ शकतं, हे मला तिथे कळलं. तपासणीत ते फारच कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झाली. दोन-तीन महिन्यांत जिना सोपा झाला, मुंग्याही बऱ्याच कमी झाल्या.

पण संध्याकाळ तशीच राहिली. ती बी-१२ ची नव्हतीच. तिच्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं लागलं. थोडं औषध आणि पुष्कळ बोलणं. म्हणजे माझ्याही पोतडीत दोन आजार होते आणि मी दोन्हींना एकच नाव दिलं होतं. बिअर्डला हसणारा मी!

झॉर्झ कांगिलेम नावाचा फ्रेंच तत्त्वज्ञ, जो वैद्यकही शिकला होता, त्याने १९४३ च्या प्रबंधात एक भेद दाखवला: सरासरी वेगळी आणि निरोगीपण वेगळं. आज कागदावर शंभर आकडे येतात, एखादा ठळक छापलेला दिसतो आणि आपण बाटली घ्यायला धावतो. जास्त झालं तरी जीवनसत्त्वच, काय बिघडणार, असं मनात असतं. बिघडतं. बी-६ फार घेतलं तर मज्जातंतूंनाच इजा होते, ड जीवनसत्त्वाच्या अतिरेकाने रक्तातलं कॅल्शियम वाढतं.

म्हणून तपासणी करू नका असं मी म्हणत नाही. तपासणीमुळेच मी आज इथे उभा आहे. विल्सबाईही रक्त तपासतच होत्या. पण त्यांनी रक्ताबरोबर ताट तपासलं, बाईचा दिवस कसा जातो ते पाहिलं. आकडा उत्तर देतो, पण प्रश्न आधी माणसाला विचारावा लागतो. तेव्हा थकवा रेंगाळला तर स्वतःच निदान करू नका, ‘वय झालं’ हेही निदानच आहे. आणि मन उतरलं असेल तर तेही डॉक्टरांना तितक्याच स्पष्टपणे सांगा, जितकं गुडघ्याचं सांगता.

एवढं बोलून थांबतो.