शीग, शेर आणि लिटर

पाककृतीत 'दोन वाट्या तांदूळ' असे लिहिलेले असते. दुकानदार मात्र तांदूळ किलोने देतो. घनफळ आणि वजन यांची ही फारकत स्वयंपाकघरात क्षुल्लक वाटते. राज्यकारभाराच्या इतिहासात मात्र तिला फार महत्त्व होते. जेव्हा सारा धान्यात वसूल होई आणि मेहनतानाही धान्यात दिला जाई, तेव्हा मापात नेमके किती मावते, हा महसुलाचाच प्रश्न असे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांसाठी पौतवाध्यक्ष हा स्वतंत्र अधिकारी सांगितला आहे. द्रोण हे धान्याचे माप. पण त्याचे परिमाण ठरते त्यात मावणाऱ्या उडदाच्या वजनावरून. राजाच्या उत्पन्नाचा द्रोण २०० पलांचा, बाजारातील व्यवहाराचा १८७॥ पलांचा, देण्याचा १७५ पलांचा आणि अंतःपुराच्या वाटपाचा १६२॥ पलांचा. घेण्याच्या आणि देण्याच्या मापांत २५ पलांचे, म्हणजे आठव्या हिश्श्याचे अंतर ग्रंथानेच मान्य केलेले आहे! मापावर चतुर्थांश शिखा धरावी किंवा ती मापातच अंतर्भूत करावी, असेही तेथे सांगितले आहे. ही शिखा म्हणजेच आपली शीग. उत्साह 'शिगेला पोहोचला' असे आपण म्हणतो, तेव्हा धान्याच्या मापाचीच भाषा बोलत असतो.

महाराष्ट्रात दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली, हा हिशेब जुन्या पिढीला तोंडपाठ असे. मात्र पायलीभर तांदूळ आणि पायलीभर ज्वारी यांचे वजन सारखे नसते. शिवाय शेर हे नाव मापालाही आणि वजनालाही. माप भरणाऱ्याच्या हातावर बरेच काही अवलंबून असे. 'मापात पाप' हा शब्दप्रयोग उगीच रूढ झालेला नाही.

१८३३ च्या रेग्युलेशनने १८० ग्रेनचा तोळा, ८० तोळ्यांचा शेर व ४० शेरांचा मण निश्चित केला. हा शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा. वजन असे बांधले गेले, तरी धान्याची मापे ठिकठिकाणी वेगळीच राहिली. १८७१ च्या कायद्यात शेर एक किलोग्रॅमचा आणि तेवढे पाणी मावेल ते घनफळाचे एकक, अशी सुटसुटीत सांगड घातली होती. परंतु तो अंमलात आला नाही. अखेर १९५६ चा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली. धान्य किलोने आणि दूध लिटरने, ही आजची विभागणी त्यातून रुळली.

खाद्यतेलाने मात्र जुना प्रश्न पुन्हा उभा केला. तेल तापले की प्रसरण पावते. एक लिटर सोयाबीन तेल २१ अंश सेल्सिअसला सुमारे ९१९ ग्रॅम भरते, तर ६० अंशांना सुमारे ८९३ ग्रॅम. काही उत्पादक पिशवीवर ६० अंशांपर्यंतचे तापमान छापत. लिटर पूर्ण, पण तेल कमी! ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने तापमानाचा उल्लेख काढून घनफळाबरोबर वजनही छापण्यास सांगितले आणि त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली. देण्याचा द्रोण लहान ठेवण्याची युक्ती दोन हजार वर्षांनंतरही जिवंत होती, एवढाच याचा अर्थ.

स्वयंपाकघराला या सक्तीची गरज नाही. तेथे प्रमाण महत्त्वाचे, आणि ते वाटी उत्तम राखते. २४० मिलिलिटरच्या कपात साखर सुमारे २०० ग्रॅम आणि मैदा सुमारे १२० ग्रॅम मावतो. त्यामुळे सर्व जिन्नसांना चालेल असा एकच आकडा मिळणे शक्य नाही. परमुलखात वजनाच्या पाककृती वापरणाऱ्यांनी आपल्याच वाटीत प्रत्येक जिन्नस एकदा तोलून टिपून ठेवावा. मात्र वाटी शिगेची की सपाट, हेही त्या टिपणात लिहायला विसरू नये.