जिंकला तर देश, हरला तर काळा गोलकीपर

विश्वचषक जवळ आला की कोल्हापुरातल्या पेठांमध्ये ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे चढतात. पाटाकडील, प्रॅक्टिस, खंडोबा, शिवाजी ही आपल्या संघांची नावे पोरांच्या तोंडी असतातच, पण त्या महिन्यात घरात भाऊ भावाशी ब्राझीलवरून भांडतो. आम्ही ब्राझीलवाले. येत्या ११ जूनला अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत स्पर्धा सुरू होते आहे. ब्राझीलच्या गटात मोरोक्को, स्कॉटलंड आणि हैती आहेत. (हैती म्हणजे गुलामांनी बंड करून १८०४ साली स्वतंत्र केलेला देश. त्या सामन्यात आमची टाळी कुणासाठी वाजेल हे आत्ताच सांगता येणार नाही.) २००२ नंतर ब्राझीलने चषक जिंकलेला नाही. चोवीस वर्षे झाली. आमची भिस्त विनिसियसवर आहे.

गल्लीतल्या पोरांनी फ्लेक्सचा विषय काढला. फोटो कुणाकुणाचे घ्यायचे? पेले, रोनाल्डो, नेमार, विनिसियस ही नावे एका दमात आली. आमच्यातल्या एकाने म्हटले, बार्बोसाचा घ्या. पोरांनी विचारले, "हा कोण?"

मोआसिर बार्बोसा. १९५० च्या विश्वचषकातला ब्राझीलचा गोलकीपर, काळा माणूस. त्याची गोष्ट आपल्या लोकांना माहीत असायलाच हवी, कारण ती नुसती फुटबॉलची गोष्ट नाही.

सुरुवात थोडी मागून करू. ब्राझीलने गुलामगिरी कायद्याने संपवली ती १३ मे १८८८ रोजी, अमेरिका खंडात सर्वांत शेवटी. त्यानंतर काही वर्षांत तिथे फुटबॉल आला आणि सुरुवातीला तो गोऱ्या श्रीमंतांच्या क्लबांचा खेळ होता. १९१९ साली दक्षिण अमेरिकेच्या अजिंक्यपदासाठी उरुग्वेविरुद्ध निर्णायक गोल केला तो आर्थर फ्रिडनराइशने. वडील जर्मन वंशाचे, आई काळी. देशाचा हा नायक सामन्यापूर्वी आपले कुरळे केस दाबून सरळ करत बसायचा, असे सांगतात.

१९२३ साली रिओ दि जानेरोत वास्को द गामा नावाच्या क्लबने अजिंक्यपद मिळवले. गोव्यातल्या वास्कोला ज्या दर्यावर्दीचे नाव, त्याच्याच नावाचा हा क्लब, रिओतल्या पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी चालवलेला. संघात काळे, मिश्रवंशीय, कामगार, गरीब गोरे असे सगळे होते. मोठ्या क्लबांना ते पचले नाही. त्यांनी १९२४ साली वेगळी संघटना काढली आणि वास्कोला अट घातली की तुमचे बारा खेळाडू काढा, मग या. कारण रंगाचे दिले नाही. खेळाडूचा रोजगार काय, त्याला लिहिता-वाचता येते का, असले निकष पुढे केले. आधी शिक्षणाची दारे बंद ठेवायची आणि मग शिक्षण नाही म्हणून मैदानाचे दार बंद करायचे! ही युक्ती आपल्याला नवीन आहे का? वास्कोच्या अध्यक्षांनी ७ एप्रिल १९२४ रोजी पत्र लिहून कळवले की आम्ही बारा जणांचा बळी देणार नाही, तुमची संघटना तुम्हाला लखलाभ.

त्याच १९२३ साली मुंबईत चर्मकार समाजातले पळवणकर विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्यांचे थोरले बंधू बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले होते. तरी त्यांना कर्णधारपद कधी मिळाले नाही आणि पुण्याच्या मैदानावर त्यांचा चहा पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यातून यायचा. चेंडू विटाळत नाही, कप विटाळतो. असो, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

१९३८ च्या विश्वचषकात ब्राझील तिसरा आला. सर्वाधिक गोल केले लिओनिदास या काळ्या खेळाडूने. मग तिथल्या गोऱ्या विचारवंतांची भाषा बदलली. समाजशास्त्रज्ञ जिल्बेर्तो फ्रेरे यांनी लिहिले की आमच्या फुटबॉलची शैलीच मिश्रवंशीय आहे, तेच आमचे वैशिष्ट्य आहे. काळे, गोरे, मूळनिवासी सगळे एकत्र नांदतात असा हा देश, असे चित्र उभे केले गेले. राष्ट्रीय संघ हा त्या चित्राचा पुरावा. आपल्याकडे याला समरसता म्हणतात. जमिनीचा, नोकरीचा, शाळेचा हिशेब मागायचा नाही, मैदानावर एकत्र खेळलो ना, मग झाले. १९४७ साली पत्रकार मारिओ फिल्यो यांनी ब्राझीलच्या फुटबॉलमधील काळ्या माणसावर मोठे पुस्तक लिहिले. त्याला प्रस्तावना फ्रेरे यांचीच होती. काळ्यांनी फुटबॉलमध्ये लढून जागा मिळवली, आता तो प्रश्न सुटत आला, असा त्या पुस्तकाचा एकूण सूर होता.

आणि मग १९५० आले. विश्वचषक ब्राझीलमध्येच होता. त्यासाठी रिओत माराकाना हे जगातले सर्वांत मोठे स्टेडियम बांधले. तेव्हा अंतिम सामना नव्हता, शेवटच्या चार संघांचा गट होता. ब्राझीलने स्वीडनला ७-१ ने आणि स्पेनला ६-१ ने हरवले. १६ जुलैला उरुग्वेविरुद्ध नुसती बरोबरी पुरेशी होती.

त्या दिवसाची आशा कशी होती पाहा. सकाळच्या एका वर्तमानपत्राने ब्राझीलच्या संघाचा फोटो 'हे जगज्जेते' म्हणून आधीच छापला. विजयाचे गाणे तयार होते. फिफाचे अध्यक्ष जूल रिमे यांनी पोर्तुगीजमधले अभिनंदनाचे भाषण खिशात ठेवले होते. रिओच्या महापौरांनी सामन्याआधीच खेळाडूंना विजेते म्हणून संबोधले. वर्ष निवडणुकीचे होते. शांत जागी ठेवलेला संघ शेवटच्या दिवसांत वास्कोच्या स्टेडियमवर हलवला आणि तिथे पुढाऱ्यांची, उमेदवारांची रीघ लागली. प्रत्येकाला जगज्जेत्यांसोबत फोटो हवा होता. तिकिटे विकली गेली सुमारे १ लाख ७३ हजार. आत माणसे दोन लाखांच्या घरात होती असे मानतात.

त्या दोन लाखांत काळेही होते, गोरेही. दुपारपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता, 'आपण'.

सत्तेचाळिसाव्या मिनिटाला फ्रियासाने गोल केला. ब्राझील पुढे. सहासष्टाव्या मिनिटाला उरुग्वेचा घिग्गिया उजवीकडून बिगोडेला मागे टाकून आत शिरला, त्याने चेंडू मध्यभागी दिला आणि शियाफिनोने बरोबरी केली. एकोणऐंशीव्या मिनिटाला घिग्गिया पुन्हा त्याच बाजूने आला. बार्बोसाने मघाचाच पास येणार असे गृहीत धरून एक पाऊल मध्यभागाकडे टाकले. ज्याने पहिला गोल पाहिला त्या कुठल्याही गोलकीपरने तेच केले असते. घिग्गियाने पास दिला नाही, बार्बोसा आणि जवळचा खांब यांच्यामधल्या फटीतून चेंडू मारला. २-१. अकरा मिनिटे उरली होती, गोल झाला नाही. रिमे यांचे भाषण खिशातच राहिले आणि गर्दीत त्यांनी कसाबसा चषक उरुग्वेच्या कर्णधाराच्या हातात दिला.

बाऊरू गावात दोंदिन्यो नावाचा एक काळा माणूस रेडिओजवळ रडत बसला होता आणि त्याचा नऊ वर्षांचा मुलगा त्याची समजूत घालत होता. त्या मुलाला पुढे जगाने पेले म्हणून ओळखले.

मग आरोपी शोधणे सुरू झाले. प्रशिक्षक फ्लाविओ कोस्ता गोरे होते, बचाव त्यांनी आखलेला. पुढारी गोरे होते, त्यांनी खेळाडूंना झोपू दिले नाही. आघाडीच्या फळीने आधीच्या दोन सामन्यांत तेरा गोल केले होते, त्या दिवशी एकच. पण खापर फुटले तिघांवर, बार्बोसा, बिगोडे आणि जुवेनाल. तिघेही काळे. 'आपण' हरलो नाही, 'ते' हरले. काळा माणूस ऐन वेळी कच खातो, त्याच्या रक्तातच दम नाही, असे सिद्धांत पुन्हा वर आले.

या सिद्धांताचा खोटेपणा तर त्याच मैदानावर उभा होता! त्या दिवशी जिंकलेल्या उरुग्वेचा कर्णधार ओब्दुलिओ वारेला स्वतः मिश्रवंशीय होता. त्याचे टोपणनावच 'काळा नायक' असे होते. दोन लाखांच्या आरोळ्यांपुढे ज्याने आपला संघ सावरला तो हाच माणूस. त्यांच्या बचावात रोद्रिगेस आंद्रादे होता, तोही काळा. काळ्या रक्तात दम नसता तर चषक कुणी नेला? पण वर्चस्ववाद्यांना पुरावा नको असतो, गुन्हेगार हवा असतो.

मारिओ फिल्यो यांनी १९६४ साली आपल्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढली तेव्हा त्यांना १९५० नंतर उफाळलेल्या या वर्णद्वेषाविषयी लिहावे लागले. पहिल्या आवृत्तीतला आशावाद घाईचा ठरला होता. आज माराकानाचे अधिकृत नाव त्यांच्याच नावाने आहे.

ब्राझीलने पांढरी जर्सी अपशकुनी ठरवून टाकून दिली, स्पर्धा घेऊन पिवळी निवडली. आज आपल्या पेठेत लटकते ती हीच. जर्सी बदलली, नजर बदलली नाही. १९५८ च्या विश्वचषकाआधी संघाच्या मानसशास्त्रज्ञाने चाचण्या घेऊन अहवाल दिला की पेले पोरकट आहे आणि गरिंशा अशा स्पर्धेच्या योग्यतेचा नाही. मेरिटची परीक्षा कोण घेतो आणि कशी घेतो, हे विचारायला आपल्याला बाबासाहेबांनी शिकवले आहे. प्रशिक्षक फेओला यांनी तिसऱ्या सामन्यात दोघांनाही उतरवले. ब्राझील जगज्जेता झाला. पेले आणि गरिंशा दोघे मैदानात असताना ब्राझील कधीच हरला नाही.

मग देश पेलेचा झाला. बार्बोसाचा मात्र झाला नाही. एका दुकानात एका बाईने आपल्या मुलाला त्याच्याकडे बोट दाखवून सांगितले की यानेच सगळ्या ब्राझीलला रडवले. १९९३ साली तो राष्ट्रीय संघाच्या सराव शिबिराला भेटायला गेला तर अपशकुन होईल म्हणून त्याला परत पाठवले. सावलीचा विटाळ मानणाऱ्यांच्या देशात हे वेगळे समजावून सांगायला नको. तो म्हणायचा की ब्राझीलमध्ये सर्वांत मोठी शिक्षा तीस वर्षांची आहे, मी पन्नास वर्षे भोगतो आहे. ७ एप्रिल २००० रोजी तो वारला. त्याच्यानंतर विश्वचषकात ब्राझीलचा पहिल्या पसंतीचा गोलकीपर काळा असायला २००६ साल उजाडले, तो दिदा. मधे १९६६ साली मांगा एक सामना खेळला, तेवढाच. २०१४ साली ब्राझील घरच्या मैदानावर जर्मनीकडून ७-१ ने हरला. गोलात ज्युलिओ सेझार होता, गोरा. गोऱ्या गोलकीपरवर भरवसा ठेवू नये असे त्यानंतर कुणी लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही.

"खेळात जात आणू नका" असे आम्हाला दर वेळी ऐकवले जाते. आम्ही कुठे आणली? ४ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो ऑलिम्पिकमध्ये महिला हॉकी संघ अर्जेंटिनाकडून उपांत्य सामना हरला. त्या संघातल्या वंदना कटारियाने चारच दिवस आधी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हॅटट्रिक केली होती. हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर फटाके फोडले गेले, जातीवरून शिवीगाळ झाली, संघात दलित फार झाल्यामुळे हरलो असे म्हटले गेले. हॅटट्रिकच्या दिवशी ती देशाची मुलगी होती.

माराकानाच्या आठ महिने आधी, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, बाबासाहेबांनी संविधान सभेत विचारले होते की हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होऊ शकतील. बंधुता नसेल तर राष्ट्र हा नुसता भ्रम आहे, हा त्यांचा मुद्दा होता. राष्ट्र आहे की नाही हे विजयाच्या मिरवणुकीत कळत नाही. मिरवणुकीत सगळेच असतात. हरल्यावर परत आलेल्या माणसाच्या दारात कोण उभे राहते, तिथे ते कळते.

म्हणून या जूनमध्ये आमची आशा दुहेरी आहे. ब्राझीलने जिंकावे, सहावा तारा लागावा, हे तर आहेच. पण विनिसियसला स्पेनच्या मैदानांवर माकड म्हणून हिणवलेले आम्ही पाहिले आहे. मे २०२३ मध्ये व्हॅलेन्सियात तो बोट दाखवून त्या लोकांकडे पंचाचे लक्ष वेधत होता आणि सामन्याच्या शेवटी लाल कार्ड त्यालाच मिळाले. पुढच्या वर्षी तिघांना न्यायालयाने शिक्षा दिली, कारण तो गप्प बसला नाही. उद्या त्याची पेनल्टी हुकली तर? तेव्हा तो आपला आहे का, हे आपल्या गल्लीने आत्ताच ठरवून ठेवायला हवे.

फ्लेक्सवर बार्बोसाचा फोटो घ्यायचे पोरांनी कबूल केले. छापणाऱ्याने फोटो पाहून विचारले, याने किती गोल केले? गोलकीपर होता म्हटल्यावर त्याने विचारले, मग नावाखाली काय टाकू? पोरांनी आमच्याकडे न बघताच सांगितले: गोलकीपर, ब्राझील, १९५०.